सरळ बसा

शनिवारी आम्ही काहीच केलं नाही.
दहापर्यंत लोळलो, मग लाइट गेली म्हणून उठलो.
निशिकांतने तर्रीपोहे आणले, पोहे पेपरात,
रस्सा वेगळा, पिशवीला गाठ मारून.
ती गाठ सोडता सोडता अर्धा रस्सा ओट्यावर.
भिजलेल्या पेपरात राशिभविष्य होतं, मागच्या महिन्याचं:
प्रवास संभवतो.
त्यानं बोट चाटत विचारलं,
मग, उद्या?

गेंटमध्ये असं विचारावं लागत नसे.
गुरुवारीच तिकिटं काढलेली असत, सवलतीची.
डब्यात ब्रेड, उकडलेली अंडी,
आठ बावन्नची गाडी, परतीची पावणेसहाची,
मधल्या वेळात एक शहर बघून व्हायचं.
चर्च, कालवा, चौक, पूल.
पुलावर तो माझा हात धरायचा.
कुणी बघत नसे.
खरं सांगायचं तर, कुणीच बघत नाही
याचंही कधी कधी वाईट वाटायचं.

रविवारी स्कूटीवर निघालो.
साकोली मागे पडली, पेट्रोलपंप, सागाचा डेपो,
मग कापलेल्या धानाच्या बांध्या
आणि त्यांत लाखोळीचं निळं फूल, बारीक, दाट.
मी त्याच्या पाठीला नाक लावून
(स्वेटर गेंटचाच, सेलमधला).
रस्ता विचारला तर एका बाईनं
डोक्यावरचा भारा न हलवता हनुवटीनं दाखवला,
"असेच जा. मंग तलावच येते."

तलावच आला.
पाळीवर पोरं क्रिकेट खेळत होती,
चेंडू पाण्यात गेला की आउट,
आणि ज्यानं मारला त्यानंच पोहून आणायचा.
आम्ही हातभर अंतर ठेवून चाललो.
इथे सगळे बघतात. म्हशीसुद्धा.

सोविंदा वलथरे डोंग्यातलं पाणी उपसत होता, डालड्याच्या डब्यानं.
"बसता का? जाळं पाह्यालेच चाललो."
डोंगा म्हणजे एक झाड, आतून कोरलेलं.
मी मागे बसले, तो पुढे, सभ्य,
मधे पाण्याची बाटली.
पाणी काठाशी आलं. डोंगा डुलला, पुन्हा डुलला.
"सरळ बसा जी. जवळ सरका.
अन् हात धरा एकमेकाचा, लाजता काहून?
उलथला तं मलेच उतरा लागते थंड्या पान्यात."

धरला.

मधोमध पोचलो तेव्हा पोरांचा ओरडा विरला होता.
बांबूवरून पाणी ठिबकायचं, तेवढंच.
शिंगाड्याचे वेल कुजत आलेले, त्यांचा वास,
आणि निशिकांतच्या तळव्याला स्कूटीच्या हँडलचा.
चार वर्षं पुलापुलांवर धरलेला हात हाच,
पण तेव्हाचा मला नीट आठवत नाही.
आज बोटं लागली एकेक.
करंगळीखाली चट्टा होता, कुकरचा असणार.
कधी भाजलं, मला बोलला नव्हता.

जाळ्यात दोन रोहू निघाले आणि एक कासव.
सोविंदानं कासव उलटंसुलटं पाहिलं,
"जा, तुले बी सुटी," म्हणून सोडून दिलं.

पाळीवर उतरलो तसे हात आपले आपण सुटले.
ओल्या चड्डीतल्या एका पोरानं विचारलं,
"तुमी कोठचे?"
साकोलीचे, तो म्हणाला.
भाड्यानं राहतो, मी म्हटलं.
"आमचे सर बी भाड्यानंच राह्यते," पोरगं म्हणालं,
आणि पुन्हा बॉलिंगला गेलं.

परतीची गाडी चुकणार नव्हती, म्हणून उशीर झाला.
वाटेत दोनदा चहा, एकदा नुसतंच थांबलो.
एक रोहू डिकीत, पळसाच्या पानांत,
सोविंदानं पैसे घेतले ते फक्त त्याचे.
घरी आल्यावर कळलं,
मासा कसा साफ करतात दोघांनाही येत नाही.
तिथे तो कापून, हाडं काढून, वजन चिकटवून यायचा.
लाइटही गेली. मोबाइलच्या उजेडात,
त्यानं शेपूट धरलं, मी सुरी,
खवले भिंतीवर, केसांत, मिठाच्या बरणीवर.

सोमवारी तो ऑफिसला निघाला
तेव्हा त्याच्या मानेवर, कॉलरच्या जरा वर
एक खवला चिकटला होता, चमकत होता.
मी सांगितलं नाही.